मूल सापडलं, पण ते गेलं का होतं?

वर्षातून चार-पाच वेळा तरी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर तो संदेश येतो. गणवेशातला फोटो, खाली नाव, वय, अंगातल्या कपड्यांचा रंग आणि दोन मोबाइल क्रमांक. ‘कुणाला दिसल्यास त्वरित कळवा.’ दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या दिवशी, त्याच गटावर ‘मूल सुखरूप सापडलं, सर्वांचे आभार’ असं येतं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि विषय संपतो.

सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या आम्हा डॉक्टरांच्या वाट्याला त्या दुसऱ्या संदेशानंतरचे एक-दोन तास येतात. हवालदाराच्या हातात तपासणीचं पत्र असतं. आई रडून थकलेली, वडील अजून रागात, मामा-काका दाराशी उभे आणि मूल खाली मान घालून बाकावर बसलेलं. सगळ्यांना घाई असते. पोलिसांना कागद हवा असतो, घरच्यांना घर गाठायचं असतं, बाहेर बाह्यरुग्ण विभागाची रांग वाढत असते. या घाईत एक प्रश्न राहून जातो : तू गेलास का? तो विचारला जातोच असं नाही, आणि विचारला तरी दटावून. दटावून विचारलेल्या प्रश्नाला मूल उत्तर देत नाही.

हा प्रश्न पोलिसांचा आहे तितकाच वैद्यकीयही आहे, असं माझं मत आहे. घरातून, शाळेतून किंवा बालगृहातून मूल निघून जातं, तेव्हा ते बहुतेक वेळा एका दुखण्याचं लक्षण असतं. गोळीने ताप उतरला म्हणून आपण रोग्याला तपासल्याशिवाय सोडत नाही. मग मूल सापडलं एवढ्यावरच त्याला, ज्या ठिकाणाहून ते पळालं त्याच ठिकाणी, काहीही न विचारता परत कसं पाठवतो?

आकडे आणि अफवा

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ८३,३५० मुलं हरवल्याची नोंद झाली. त्यात मुली होत्या ६२,९४६, म्हणजे दर चारांत तीन. त्याच वर्षात ८०,५६१ मुलांचा शोधही लागला. या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. हरवणाऱ्यांत मुली फार जास्त आहेत. आणि बहुतेक मुलं परत येतात, त्यामुळे ‘सापडल्यानंतर काय’ हा प्रश्न वर्षाला हजारो घरांपुढे उभा राहतो.

आपल्या मनातलं चित्र मात्र वेगळं असतं. मूल हरवलं म्हटलं की आपल्याला टोळी आठवते. त्याला कारणही आहे. गर्दीच्या ठिकाणांहून लहान मुलं पळवून त्यांना चोरीसाठी वापरणाऱ्या आणि त्यातल्या काहींचे जीव घेणाऱ्या कोल्हापूरच्या गावित मायलेकींचं प्रकरण १९९६ मध्ये उघडकीस आलं आणि महाराष्ट्रातली एक पिढी त्या भीतीत वाढली. तो गुन्हा खराच होता. पण तीच भीती अफवेच्या हाती लागली की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी.

अनोळखी माणसाकडे संशयाने बघताना आपल्याच घरातून पाय काढू पाहणारं मूल आपल्या नजरेतून सुटतं. ही मुलं का जातात? इतक्या वर्षांत ऐकलेली उत्तरं मोजकीच आहेत. निकालाची किंवा प्रगतिपुस्तकाची भीती. मोबाइल काढून घेतल्याचा राग. दारू पिऊन मारणारा बाप. मनाविरुद्ध ठरत असलेलं लग्न. शाळेतला छळ. कुणीतरी मुंबईत कामाला लावतो असं दिलेलं आश्वासन. समाजमाध्यमावर झालेली ओळख. आणि सगळ्यांत उशिरा ओठांवर येणारं उत्तर : घरातल्याच किंवा नात्यातल्याच कुणाचा तरी नको असलेला स्पर्श. काही वेळा कारण आजाराचंही असतं. नैराश्य, न ओळखलेली अतिचंचलता, फिट येऊन गेल्यानंतरची भ्रमिष्ट अवस्था, स्वमग्नता.

आपल्या कोकणात याला आणखी एक पदर आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या कित्येक घरांत कमावता माणूस मुंबईत आणि मुलं गावात आजी-आजोबांपाशी. आजी जेवू-खाऊ घालते, जीव लावते. पण चौदा वर्षांच्या मुलाच्या मोबाइलमध्ये काय चाललंय हे तिला कळणं कठीण. काही मुलं शिक्षणासाठी मामाकडे, आत्याकडे राहतात. कुणी तरी आहे, पण आपलं माणूस नाही, अशी ही अवस्था. मुंबई मात्र मनाने अगदी जवळ. देवरूखच्या स्टँडवर रात्रीच्या एसटीत बसलेलं किंवा संगमेश्वर रोडला गाडीत चढलेलं मूल उजाडायच्या सुमारास महानगरात असतं.

पहिले तास

सापडल्यानंतरचं बोलण्याआधी, सापडण्यासाठी काय करायचं ते थोडक्यात सांगते, कारण इथे दोन गैरसमज जीवघेणे आहेत.

पहिला गैरसमज, चोवीस तास थांबावं लागतं. असा कोणताही नियम नाही. ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार, अठरा वर्षांखालील मूल हरवल्याची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवायचाच आहे, आणि उलट सिद्ध होईपर्यंत ते अपहरण किंवा मानवी तस्करी आहे असं गृहीत धरून तपास करायचा आहे. चार महिन्यांत शोध लागला नाही, तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्यायचा आहे. ‘आमचा मुलगा स्वतःहून गेलाय, अपहरण कशाला लिहिता?’ असं काही पालक विचारतात. मुलाच्या भल्यासाठीच तसं लिहितात. स्वतःहून निघालेलं मूलही दुसऱ्या स्टँडवर पोहोचेपर्यंत कुणाच्या हाती लागेल, ते सांगता येत नाही.

दुसरा गैरसमज, आधी पाहुण्यांत शोधू, बोभाटा नको. मुलगी असेल तर हा विचार हटकून येतो. मुंबईच्या चाळीत फोन, पुण्याच्या मावशीला फोन, मग देवाला कौल, मग भावकीची बैठक, आणि चौथ्या दिवशी पोलीस ठाणं. घराची अब्रू वाचवण्यात गेलेल्या या तीन दिवसांची किंमत मुलगी मोजते. ती कशी, ते पुढे सांगतेच.

म्हणून मूल दिसत नाही हे कळताच ११२ किंवा १०९८ लावा. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून जेरू बिलिमोरिया यांनी सुरू केली. आता ती सरकारी यंत्रणेमार्फत चालते. रेल्वेने गेल्याची शंका असेल तर १३९. अगदी अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, ओळखीच्या खुणा, मूल कुठलं औषध रोज घेतं का, एवढं एका कागदावर लिहून द्या. फिटची किंवा मधुमेहाची औषधं चुकली तर मुलाचा जीव धोक्यात येतो, हे शोधणाऱ्याला माहीत असायला हवं. मुलाच्या मोबाइलमधलं, वह्यांमधलं काही पुसू नका.

लहान मूल किंवा स्वमग्न मूल दिसेनासं झालं, तर आधी पाणी बघा. विहीर, पऱ्या, नदी, शेततळं, पाण्याची उघडी टाकी. रस्ते नंतर. ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात २०१२ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, चार वर्षांवरच्या जवळपास निम्म्या स्वमग्न मुलांनी कधी ना कधी एकट्याने निघून जाण्याचा प्रयत्न केला होता. अशा मुलांना पाण्याची ओढ असते आणि हाक मारली तरी ती ओ देतीलच असं नाही. पावसाळ्यात आपल्याकडे पाणी प्रत्येक घराच्या हाकेच्या अंतरावर असतं. अशा मुलाच्या खिशात किंवा गळ्यात नाव आणि फोन क्रमांक असलेली चिठ्ठी कायम असावी आणि शेजाऱ्यांना त्याचा स्वभाव माहीत असावा.

नऊ वर्षं, काही शे मीटर

हरवलेलं मूल दूर गेलेलं असतं, असं आपण धरून चालतो. अंधेरीतलं एक प्रकरण याच्या उलट सांगतं. २२ जानेवारी २०१३ रोजी सात वर्षांची एक मुलगी शाळेच्या वाटेवरून नाहीशी झाली. डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले सहायक पोलीस उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्याकडे २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींच्या शोधाचं काम होतं. त्यांनी १६५ मुली शोधल्या. राहिली ती ही एक. २०१५ मध्ये निवृत्त झाल्यावरही ते तिचा फोटो जवळ बाळगून होते. ऑगस्ट २०२२ मध्ये ती सोळा वर्षांची मुलगी सापडली, आईच्या घरापासून अवघ्या काही शे मीटरवर. पोलिसांच्या तपासानुसार, मूल नसलेल्या एका जोडप्याने तिला नेलं, नाव बदललं, मधली काही वर्षं कर्नाटकात वसतिगृहात ठेवलं. पुढे त्यांना स्वतःचं मूल झाल्यावर तिला परत आणून मूल सांभाळायला आणि घरकामाला लावलं. तिची सुटका झाली ती दुसऱ्या एका घरकामगार बाईमुळे. तिने या मुलीची हकिकत ऐकली, खरी मानली आणि इंटरनेटवर जुनं ‘हरवली आहे’चं पत्रक शोधून काढलं.

भोसले यांच्या चिकाटीला सलाम. पण डॉक्टर म्हणून मला दुसरीच गोष्ट टोचते. त्या साडेनऊ वर्षांत त्या मुलीला किती मोठ्या माणसांनी पाहिलं असेल? शिक्षक, शेजारी, दुकानदार, आणि ती कधी आजारी पडली असेल तर डॉक्टरही. विचारलं ते एका कामवाल्या बाईने.

आम्हा डॉक्टरांना तर कायद्यानेच हे बघायला सांगितलं आहे, आणि ते आमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातल्या कलम ३२ मध्ये रुग्णालय, शुश्रूषागृह आणि प्रसूतिगृह यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हरवलेलं, सोडून दिलेलं किंवा तसं वाटणारं मूल त्यांच्या ताब्यात आलं, तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बालकांची मदतवाहिनी, पोलीस, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिक्षेच्या भीतीने हे करावं असं मी म्हणत नाही. पण केसपेपरवर ‘सोबत आलेल्या व्यक्तीचं नातं’ हा रकाना भरून घ्यायला काय लागतं? नातं सांगताना माणूस अडखळला, मुलाला स्वतःचं पूर्ण नाव सांगू दिलं जात नसेल, दहा-बारा वर्षांची मुलगी ‘कामाला आहे’ असं सहज सांगितलं जात असेल, तर पेन खाली ठेवून दोन प्रश्न जास्त विचारायला हवेत.

आपल्या जिल्ह्यात हे काल्पनिक नाही. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं येतात. चिरेखाणींवर, बांधकामांवर परराज्यांतून माणसं येतात. त्यांची मुलं हंगामासोबत येतात आणि जातात. ‘ते गावाला गेले’ एवढं ऐकलं की शाळा हजेरीपटावर रेघ ओढते. त्यातलं एखादं मूल गावाला गेलेलंच नसेल, तर ते कुणाला आणि कधी कळणार?

तपासणी कशासाठी?

आता मूल सापडून रुग्णालयात आलं, तिथे परत येऊ. पुष्कळ पालकांना वाटतं की तपासणी म्हणजे पोलिसांचा कागद. मुलगी असेल तर त्यांना एकच गोष्ट हवी असते. आवाज खाली आणून आई विचारते, ‘मॅडम, सगळं ठीक आहे ना, एवढं बघा.’

तिला काय विचारायचं आहे ते मला कळतं, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. कौमार्य तपासून सांगता येईल अशी कुठलीही वैद्यकीय चाचणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांसह २०१८ मध्ये अशा चाचण्या बंद करण्याचं आवाहन केलं. बलात्काराच्या प्रकरणांत केली जाणारी ‘दोन बोटांची चाचणी’ अशास्त्रीय आणि अपमानास्पद आहे, ती करणाऱ्यावर गैरवर्तनाची कारवाई होईल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावलं आहे. चार दिवस घाबरून काढलेल्या मुलीला घरी आणल्यावर पहिल्यांदा तिच्या ‘शुद्धते’चा दाखला मागणं, म्हणजे तिने पुन्हा का जावं याचं कारण तिच्या हातात देणं.

तपासणीत बघायचं ते वेगळंच असतं. मूल किती दिवस उपाशी आहे, अंगात पाणी किती आहे, झोप झाली आहे का. बरेच दिवस उपाशी असेल तर पोटभर जेवण एकदम न देता थोडं थोडं, हलकं द्यायचं. डोक्याला मार, जुने वळ, भाजल्याच्या खुणा. जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन. मनःस्थिती, आणि विशेषतः जीव द्यावासा वाटतो का, हा स्पष्ट प्रश्न. असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार येतो, हा समज खोटा आहे. उलट विचारल्यावर मुलाला हलकं वाटतं.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर घड्याळ फार महत्त्वाचं. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. जितकी लवकर तितकी चांगली. गर्भधारणा टाळणारी तातडीची गोळी जितकी लवकर तितकी परिणामकारक; पाच दिवसांनंतर तिचा उपयोग नाही. शरीरावरचे जैविक पुरावे साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात, तेही अंघोळ आणि कपडे धुणं टाळलं असेल तर. ‘चौथ्या दिवशी पोलीस ठाणं’ याची किंमत मुलगी मोजते असं मी वर म्हटलं, ते या हिशेबाने. ही तपासणी आणि उपचार मोफत आहेत. खासगी रुग्णालयालाही तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत, आणि ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ असंही म्हणता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, तिच्या विश्वासातल्या माणसासमोर. बारा वर्षांवरच्या मुलाची किंवा मुलीची स्वतःची संमती घ्यायची. तिने तपासणी नाकारली तरी उपचार नाकारायचे नाहीत.

वयाचाही प्रश्न येतो. ‘एक्स-रे काढून वय सांगा’ अशी विनंती वारंवार होते. कायद्याने आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला बघायचा आहे. दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी, आणि तिच्यात दोन वर्षांचा फरक सहज पडू शकतो. सोळा वर्षांची मुलगी एक्स-रेच्या आधारावर अठराची ठरली, तर तिचं संरक्षणच जातं.

एकांतातला अर्धा तास

हे सगळं झाल्यावर उरतो तो मूळ प्रश्न. इंग्लंडमध्ये जानेवारी २०१४ च्या सरकारी मार्गदर्शिकेनुसार, घरातून किंवा बालगृहातून गेलेलं मूल परत आलं की ७२ तासांच्या आत त्याच्याशी एक स्वतंत्र बोलणं व्हावं, अशी अपेक्षा आहे. बोलणारी व्यक्ती शक्यतो मुलाचा सांभाळ करणाऱ्यांपैकी नसावी. का गेलास, कुठे होतास, तिथे काय झालं, परत जाताना कशाची भीती वाटते, एवढंच त्यात विचारायचं. तिथेही हे प्रत्येक वेळी नीट होतं असं नाही. पण विचारणं हे कुणाचं तरी ठरलेलं काम आहे.

आपल्याकडे कायद्याची चौकट आहे. सापडलेल्या मुलाला बाल कल्याण समितीपुढे न्यावं, असं बाल न्यायाचे नियम सांगतात. समिती बसते जिल्ह्याच्या ठिकाणी. देवरूखहून रत्नागिरी पन्नासेक किलोमीटर, दिवसाची मजुरी बुडवून जायचं. मूल मिळालंय, पालक समोर आहेत, मग कशाला फेरी, असं सगळ्यांनाच वाटतं. मुलाचा ताबा दिला जातो आणि फाइल बंद होते.

या बोलण्यासाठी नवी इमारत, नवी योजना लागत नाही. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्यातली ‘मैत्री’ क्लिनिकं किशोरवयीन मुलामुलींसाठीच आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातं. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू आहे. यांतल्या कुणीही हे काम ‘आपलं’ मानलं तर अर्ध्या तासाचं आहे. माझी मागणी साधी आहे. हरवून सापडलेल्या प्रत्येक मुलाशी, घरी पाठवण्यापूर्वी किंवा फार तर तीन दिवसांत, पोलीस आणि नातेवाईक बाहेर थांबलेले असताना, प्रशिक्षित माणसाने एकांतात बोलावं. ते काय बोललं याची गोपनीय नोंद बाल संरक्षण कक्षाकडे जावी. आणि महिन्याने एकदा पुन्हा भेट व्हावी. घरातच धोका आहे असं त्या बोलण्यातून कळलं, तर मुलाला घरी पाठवायचं नाही. त्यासाठीच समिती आहे, रत्नागिरीची फेरी तेव्हा टाळता येणार नाही.

यावर दोन आक्षेप मला ऐकू येतात. पहिला, माणसं कुठे आहेत? पदं रिकामी आहेत हे खरं आहे आणि ते मी रोज अनुभवते. पण एका तालुक्यात अशी मुलं वर्षाला किती असतात, हे पोलीस ठाण्याच्या नोंदीवरून सहज काढता येईल. ते हजारोंचं काम निश्चित नाही. एकदा गेलेलं मूल दुसऱ्यांदा गेलं की पुन्हा पोलीस, पुन्हा शोध, पुन्हा तपासणी, हा खर्च कुणी धरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीने एखाद्या मुलासोबत गेली असेल, तर तिने खरं सांगितलं की मुलावर ‘पोक्सो’चा गुन्हा दाखल होतो. अठरा वर्षांखाली संमतीला कायद्यात अर्थ नाही आणि माहिती मिळाल्यावर ती कळवणं डॉक्टरला भाग आहे. मग ती बोलेल कशाला? हा पेच खरा आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये एक वाट काढून दिली : संमतीच्या संबंधातून गर्भ राहिलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर गर्भपातासाठी येताना तिचं नाव डॉक्टरने पोलिसांना देणं गरजेचं नाही. भीतीने भोंदूकडे जाऊन जीव गमावण्यापेक्षा तिने रुग्णालयात यावं, हा त्यामागचा हेतू. पण बाकीचा पेच कायम आहे आणि तो कायदेमंडळाने सोडवायचा आहे. तोवर आम्ही एवढंच करू शकतो की बोलायच्या आधीच मुलीला खरं सांगायचं : काय गुप्त राहील, काय राहणार नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं खोटं वचन देऊन काढून घेतलेलं सत्य तिला दुसऱ्यांदा फसवतं.

शाळा आणि बालगृहं

हे काम रुग्णालयाच्या आधी सुरू होतं. वर्गशिक्षकाला अंदाज सगळ्यांत आधी येतो. हुशार मुलाचा अभ्यास एकदम घसरला, मधल्या सुट्टीत एकटं बसायला लागलं, शाळा सुटल्यावर घरी जायला रेंगाळायला लागलं, पोटात दुखतं म्हणून वारंवार दवाखान्यात आलं आणि तपासणीत काहीच सापडलं नाही, तर त्याच्याशी बोलायला हवं. सांगून न आलेल्या मुलाच्या घरी त्याच दिवशी फोन जावा. तालुक्यातल्या वाड्या लांब आहेत, मुलं एसटीने येतात, गाडी चुकली तर येत नाहीत, हे मान्य. तरीही सकाळी घरातून निघालेलं आणि शाळेत न पोहोचलेलं मूल संध्याकाळपर्यंत कुणालाच आठवू नये, हे बरं नाही.

बालगृहातून मूल गेलं तर आपली सहानुभूती आणखी आटते. ‘सगळं फुकट मिळत होतं, तरी पळालं’ असं म्हटलं जातं. खरं तर ज्याच्या मागे कुणी येणार नाही असं ते मूल, त्यामुळे त्याचा शोध अधिक जोराने घ्यायला हवा. देवरूखला हे समजावून सांगायची गरज पडू नये. इंदिराबाई हळबे, आपल्या मावशी, यांनी १९५४ मध्ये इथे मातृमंदिर सुरू केलं, ते बाळंतिणींसाठी. पुढे त्याच कामातून निराधार मुलींसाठी ‘गोकुळ’ उभं राहिलं. दवाखाना आणि मुलांचं घर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे या गावाने सत्तर वर्षांपूर्वीच पाहिलं आहे.

म्हणून पुढच्या वेळी तो संदेश आला, की पुढे जरूर पाठवा. सापडल्याचा संदेश आला, की मुलाचा फोटो आपल्या मोबाइलमधून पुसा आणि इतरांनाही पुसायला सांगा. त्याला उद्या शाळेत जायचं आहे. ते मूल आपल्या वाडीतलं असेल तर ‘कुठे गेला होतास रे?’ असं रस्त्यात अडवून विचारू नका. आणि ते आपलंच असेल, तर रागाचं सगळं बोलणं चार दिवस बाजूला ठेवा. दार उघडल्यावर पहिलं वाक्य ‘बरं झालं आलास, जेवलास का?’ एवढंच असू दे. का गेला होता, ते त्याला नंतर सांगता येईल. ऐकायला कुणी तरी बसलेलं मात्र असलं पाहिजे.